वाचकांचे प्रश्न : विज्ञानात हुशार मूल, निवासी शाळा की रोजचं अपडाऊन?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. गणित-विज्ञानात पुढे असलेल्या मुलाला सरकारी निवासी शाळेत ठेवावं, की घरी राहून जवळच्या सरकारी वा अनुदानित शाळेत धाडावं? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. खासगी अकॅडम्यांचा विचार यात केलेला नाही.

प्रश्न : मुलगी खेड्यातल्या जि.प. शाळेत पाचवीला आहे. गणितात वर्गाच्या पुढे असते. बाई म्हणाल्या, नवोदयचा (केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा) फॉर्म भरा. घरचे म्हणतात, एवढी लहान पोर बाहेर नको, पुढे तालुक्याच्या हायस्कूलला एस.टी. आहेच. काय करावं?
— एक शेतकरी पालक, ता. पारोळा

उत्तर : फॉर्म भरा. प्रवेश घ्यायचा की नाही हे निकालानंतरही ठरवता येतं. परीक्षा मात्र एकदाच देता येते. सहावीच्या निवड परीक्षेला दुसरी संधी नाही.

फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. जळगाव जिल्ह्याचं नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे. दुसरी गोष्ट ग्रामीण कोट्याची. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. मधल्या एखाद्या वर्षी मुलाला नगरपालिका हद्दीतल्या इंग्रजी शाळेत घालून परत गावी आणलं, तर तो अर्ज शहरी धरला जातो. दरवर्षी कित्येक अर्ज इथेच अडतात, आणि तोवर दुरुस्तीला वाव उरलेला नसतो. एकूण जागा जास्तीत जास्त ८०, त्यातल्या किमान एक तृतीयांश मुलींना. तुमच्या मुलीला याचा फायदा आहे.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. पेपर मराठीतून देता येतो. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेवर एकही गोल रिकामा सोडायचा नाही. तिन्ही विभागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं, आणि गणितात हुशार मुलं अडकतात ती बहुधा भाषेत. उतारे चार, प्रत्येकावर पाच प्रश्न, वेळ अर्धा तास, म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला अनोळखी उतारा एवढ्या वेळात उलगडायला सवय लागते. आजपासून रोज एक उतारा, घड्याळ लावून, पुस्तकाबाहेरचा. मानसिक क्षमतेच्या आकृत्यांचे संच सोडवण्याइतकंच याला महत्त्व द्या.

आता निर्णयाचं. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत मुलीजवळ पाच-सहा तास असतात. ते कुठे आणि कोणासोबत जातात, हे पाहून ठरवा. घरी ती शांतपणे दोन तास बसू शकते का? अडलं तर विचारायला कोणी आहे का? कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावंडांना तीच सांभाळते का? निवासी शाळेत या वेळेला अभ्यासिका असते, मैदान असतं, आणि शिक्षक आवारातच राहतात. घरी हे जुळत असेल तर तालुक्याचं हायस्कूल चालेल. जुळत नसेल तर नवोदय घ्या. खर्चाची काळजी करू नका. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं शाळेची. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी आहे, तोही मुलींना माफ असतो.

प्रश्न : मी रेल्वेत आहे. मुलगा भुसावळला केंद्रीय विद्यालयात आठवीत शिकतो. नववीला नवोदयची परीक्षा द्यावी का?
— एक पालक, भुसावळ

उत्तर : द्यायला हरकत नाही, पण त्यावर मदार ठेवू नका. नववीत फक्त रिकाम्या झालेल्या जागा भरतात, त्या कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. पेपर अडीच तासांचा, १०० गुणांचा : गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. केंद्रीय विद्यालयाचा अभ्यासक्रमही सीबीएसईचाच, त्यामुळे वेगळी तयारी फारशी लागत नाही.

पण तुमच्या मुलाची शाळा घराजवळ आहे, प्रयोगशाळा आहे आणि रात्री आई-वडील घरी आहेत. अशा मुलाला वसतिगृहाने फारसं नवं काही मिळत नाही. तोच वेळ आणि पैसा पुस्तकांवर, ऑलिंपियाडच्या तयारीवर घाला.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या काही मुलांची एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठी आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी) शिष्यवृत्ती निश्चित लागेल असं वाटतं. ती लागून मूल निवासी शाळेत गेलं तर काय?
— एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : शिष्यवृत्ती थांबते. ही योजना शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बिननिवासी शाळांसाठी आहे. नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा आणि राहण्या-जेवणाची सोय असलेल्या शासकीय निवासी शाळा तिच्यातून वगळल्या आहेत. रक्कम वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं, म्हणजे ४८,०००. पालकांना हा आकडा मोठा वाटतो. पण निवासी शाळेत चार वर्षांचं जेवणखाण आणि राहणं सुटतं, त्याची किंमत यापेक्षा बरीच जास्त आहे. मूल घरीच राहणार असेल तर मात्र ही परीक्षा सोडूच नका. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. तहसीलचा दाखला मिळायला वेळ लागतो, तो आधी काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची दोन मुलं विज्ञानात खरोखर चांगली आहेत. एकलव्य, शासकीय आश्रमशाळा, की धुळ्याला नातेवाइकांकडे ठेवून तिथली शाळा? शाळा पाहायला गेलो तर काय पाहायचं?
— एक शिक्षक, ता. शहादा

उत्तर : शाळेच्या नावावरून ठरवू नका. एकलव्य शाळा आदिवासी मुलांसाठी सहावी ते बारावी सीबीएसईच्या आहेत आणि बहुतेकींच्या इमारती नव्या आहेत. पण नवी इमारत असूनही भौतिकशास्त्राला शिक्षक नसेल तर मुलाच्या पदरी काही पडत नाही, आणि जुन्या आश्रमशाळेत एखादे सर मनापासून प्रयोग करून घेत असतील तर तिथे मूल घडतं. म्हणून प्रत्यक्ष जा. एकदा सकाळी अकराला आणि एकदा संध्याकाळी सातला.

सकाळी आधी विचारा : अकरावी-बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे शिक्षक नियमित आहेत की तासिकेवर, म्हणजे तासामागे मानधनावर? तासिकेवरच्या नेमणुका लांबल्या की पहिल्या सत्राचा मोठा भाग बुडतो. तो नेमका भाग गती, बल, मोल संकल्पना यांचा असतो, आणि पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

मग प्रयोगशाळा उघडायला सांगा. किल्ली शोधायलाच वेळ लागला तर तेवढ्यावरून बरंच समजतं. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची खुणांची काचनळी) हातात घ्या आणि खालची तोटी फिरवून पाहा. तोटी घट्ट बसलेली असेल आणि काचेच्या आत पांढरी वलयं सुकलेली असतील, तर अनुमापन (टायट्रेशन) बऱ्याच दिवसांत झालेलं नाही. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत आहे का पाहा. पारदर्शक बाटलीत ठेवलं की उजेडाने ते खराब होतं. सूक्ष्मदर्शकात कागदाचा कपटा ठेवून ४० पटीचं भिंग लावा. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगावर बुरशीचे तंतू येतात, मग कितीही फिरवलं तरी धूसरच दिसतं.

सगळ्यात खात्रीची तपासणी मुलांच्या जर्नलमध्ये होते. सरल दोलकाचा प्रयोग काढा आणि तीन मुलांच्या वह्या शेजारी ठेवा. एक मीटर लांबीच्या दोलकाला २० आंदोलनांसाठी साधारण ४० सेकंद लागतात. हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्या तीन मुलांचे आकडे ३९.८, ४०.३, ४०.१ असे थोडे मागेपुढे येणारच. तिघांच्याही वहीत दशांशापर्यंत तोच आकडा असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. अशा शाळेत मुलाला गुण मिळतील, पण मोजमापातली चूक ओळखायला तो शिकणार नाही, आणि विज्ञानात पुढे जाणाऱ्या मुलाला तेच सगळ्यात आधी लागतं.

संध्याकाळच्या फेरीत अभ्यासिकेत उजेड पाहा, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का विचारा, आणि देखरेखीला कोण बसतं ते पाहा. शिपाई बसत असेल तर ती नुसती हजेरी. गणिताचे सर आठवड्यातून दोन दिवस जरी बसत असतील तरी फरक पडतो. ग्रंथालय संध्याकाळी आणि रविवारी उघडं असतं का? मुलींसाठी महिला अधीक्षक आवारात मुक्कामी असतात का?

नंदुरबारकडच्या पालकांना आणखी एक सांगणं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नसेल तर प्रवेशाआधी करून घ्या, आणि मूल बाधित असेल तर अधीक्षक व खेळाच्या शिक्षकांना लेखी कळवा. पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांनी त्रास उसळतो. पहाटेच्या पीटीत अशा मुलाला आळशी समजून पळवलं जाऊ नये.

नातेवाइकांकडे ठेवण्याचा पर्याय आम्ही शेवटी ठेवू. तिथे मुलाचा अभ्यासाचा वेळ त्या घराच्या सोयीने ठरतो, आणि संकोचापोटी मूल तक्रार करत नाही.

प्रश्न : परदेशात विज्ञानातल्या हुशार मुलांसाठी सरकारी शाळा असतात म्हणे. त्या निवासी असतात की नाही? आपल्याकडे तसं काही करता येईल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : दोन्ही प्रकारच्या आहेत, आणि कुठे कोणता प्रकार रुजला ते त्या भागाच्या भूगोलावरून ठरलं आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९८० मध्ये डरहॅमला विज्ञान-गणिताची निवासी शाळा काढली. अकरावी-बारावीची, सरकारी खर्चाने, राज्यभरातल्या मुलांसाठी. इलिनॉयने १९८६ मध्ये अरोरा इथे तशीच, दहावी ते बारावीची. दोन्ही राज्यांत शेतीचा पट्टा मोठा, गावं विखुरलेली. उलट न्यूयॉर्कची ब्राँक्स सायन्स ही १९३८ पासूनची शाळा पूर्णपणे अपडाऊनची. मुलं शहरभरातून भुयारी रेल्वेने येतात. तिच्या सात माजी विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं आहे, तेव्हा वसतिगृहाशिवाय शास्त्रज्ञ घडत नाही असं म्हणायला जागा नाही. रशियातही हेच दिसतं. गणिती कोल्मोगोरोव्ह यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मॉस्को विद्यापीठाची निवासी शाळा निघाली ती बाहेरगावच्या मुलांसाठी. मॉस्कोतल्या मुलांना शहरातच गणिताच्या दिवसशाळा होत्या.

अपडाऊनच्या शाळेची अडचण अशी की शेवटची बस गाठायची म्हणून मंडळं, प्रकल्प, शंकांचा तास हे सगळं मागे पडतं. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या १९८५ पासूनच्या शाळेने यावर तोडगा काढला. तिथे मुलं लांबून बसने येतात, म्हणून मंडळांचा वेळ वेळापत्रकातच ‘आठवा तास’ म्हणून बसवला. शाळा सुटल्यावर थांबायची गरजच ठेवली नाही.

आपल्या भागातल्या कुठल्याही हायस्कूलला हे उद्यापासून करता येईल. आठवड्यातले दोन शेवटचे तास विज्ञान मंडळाला द्या. नाहीतर मंडळ फक्त गावातल्या मुलांचं होतं आणि पासवाली मुलं बाहेर राहतात. पुढचं पाऊल म्हणून भुसावळ-जळगाव पट्ट्यात अपडाऊनची विज्ञान शाळा चालू शकेल, कारण अंतर पंचवीसेक किलोमीटरचं आणि गाड्या भरपूर आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या मुलाला मात्र घाटातून रोज नंदुरबार गाठायला लावणं शक्य नाही. तिथे निवासी शाळेलाच पर्याय नाही, आणि तिच्यावर खर्चही तसा व्हायला हवा.

प्रश्न : मुलाला अकरावी सायन्सला जळगावला घालायचं आहे. गावाहून जाता-येता दीड-दीड तास लागतो. अपडाऊन करावं की खोली घ्यावी?
— एक आई, ता. चोपडा

उत्तर : रोजचे तीन तास, वर्षाचे २२० दिवस, म्हणजे ६६० तास रस्त्यावर. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाला हे परवडत नाही. बसमध्ये वाचतो असं मुलं सांगतात, पण उभ्याने प्रवास करताना फार तर सूत्रांची उजळणी होते, गणित सुटत नाही. एकेरी प्रवास ४५ मिनिटांच्या आत असेल तर अपडाऊन करावं, त्यापुढे राहण्याची सोय पाहावी असं आमचं मत आहे.

आधी शासकीय वसतिगृह बघा, समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाचं. अर्ज अकरावीच्या प्रवेशाबरोबरच करा, नंतर जागा राहत नाहीत. खोली घ्यावी लागली तर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि दोघांची. चौघांच्या खोलीत चौघांच्या झोपेच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

अपडाऊनच करायचं ठरलं तर एस.टी.चा विद्यार्थी पास भाड्याच्या साधारण एक तृतीयांशात मिळतो आणि ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत. रेल्वेमार्गावरच्या मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा विद्यार्थी पास मोफत आहे. शाळेचं प्रमाणपत्र नेलं की स्टेशनवर होतो. पाचोरा, धरणगाव, अमळनेरकडच्या पालकांनी याचा फायदा घ्यावा.

नुसती हजेरी लावून क्लासला पाठवणारी कॉलेजं टाळा. राज्य मंडळात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते गुण अशा ठिकाणीही मिळून जातात, पण पुढे बीएस्सी किंवा आयसरच्या (केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेच्या) पहिल्या सत्रात मुलाला व्हर्नियर (लांबी-जाडी मोजायची बारीक मोजपट्टी) धरता येत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, आमच्या शाळेत ऑलिंपियाड होत नाही. मी घरी राहूनच शिकणार आहे. मला भाग घेता येईल का?
— एक विद्यार्थिनी, धरणगाव

उत्तर : नक्की येईल. ज्युनिअर सायन्स ऑलिंपियाडची पहिली परीक्षा दहावीपर्यंतच्या मुलांसाठी नोव्हेंबरमध्ये असते. ती भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, आयएपीटी, घेते. तुझी शाळा केंद्र नसेल तर जवळच्या नोंदणीकृत केंद्रातून तुला बसता येतं. नोंदणी ऑगस्टच्या आसपास सुरू होते, तेव्हा जुलैतच सरांना केंद्राची चौकशी करायला सांग. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाज पंचे गोल रंगवू नकोस. जुने पेपर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. विज्ञानाचे इंग्रजी शब्द आतापासून मराठी शब्दांशेजारी लिहून ठेव : त्वरण म्हणजे अ‍ॅक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. पेपर वाचताना अडखळायला होणार नाही.

शिवाय नववीला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प. आणि इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या नवकल्पना योजनेसाठी शाळा पाच कल्पना पाठवू शकते, निवड झाली तर १०,००० रुपये मिळतात. काही नवोदयांतून ‘विज्ञान ज्योती’ हा नववी ते बारावीच्या मुलींसाठीचा उपक्रम चालतो. आपल्या भागात तो आहे का, तेही विचार.

प्रश्न : मुलाचं नवोदय थोडक्यात हुकलं. तो स्वतःला कमी समजायला लागला आहे.
— एक पालक, ता. साक्री

उत्तर : त्याला खरं ते सांगा : यादीतला शेवटचा मुलगा आणि तुमचा मुलगा यांच्यात फरक दोन-तीन प्रश्नांचा आहे. न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या निवडक शाळांचा असा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेश जेमतेम मिळालेल्या आणि जेमतेम हुकलेल्या मुलांचे पुढचे चाचणी गुण त्यात ताडून पाहिले, तर शाळेमुळे पडलेला फरक फारच थोडा निघाला. त्या अपडाऊनच्या शाळा आहेत, नवोदयसारखं राहणं-जेवण तिथे नाही, म्हणून ते जसंच्या तसं इथे लावू नये. पण हुकलेलं मूल मागेच पडतं असं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. धुळ्याच्या शासकीय विद्यानिकेतनाची (राज्य सरकारच्या निवासी शाळेची) चौकशी करा. तिथली प्रवेश परीक्षा राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेबरोबर घेते.

प्रश्न : मुलगी जूनपासून निवासी शाळेत सहावीला आहे. फोनवर रडते, जेवण जात नाही म्हणते. परत आणावं का?
— एक आई, रावेर

उत्तर : पहिले सहा ते आठ आठवडे बहुतेक मुलं रडतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीवर वाढलेल्या मुलीला मेसची पातळ डाळ आणि पोळी घशाखाली उतरत नाही, सणासुदीला तर जास्तच आठवण येते. फोनवर ‘येते का घरी?’ असं विचारू नका. तिने दिवसभरात काय केलं, शेजारच्या कॉटवर कोण आहे, हे विचारा. ठरलेल्या दिवशीच भेटायला जा आणि सांगितलेली वेळ पाळा.

पण रडणं कोणत्या कारणाने आहे ते ओळखा. घरची आठवण रात्री येते आणि खेळताना विसरली जाते. एखाद्या ठरावीक मोठ्या मुलीचं नाव निघालं की गप्प होते, अंगावर वळ आहेत, वस्तू सारख्या हरवतात, अंथरूण ओलं करायला लागली आहे, वजन उतरलं आहे, यापैकी काही दिसलं तर आठवड्याची वाट न पाहता हाऊस मिस्ट्रेस आणि प्राचार्यांना समोर भेटा, तक्रार लेखी द्या. ऐकलं गेलं नाही तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तसं काही नसेल तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. शाळा नवोदय असेल तर नववीत काही मुलांना एक वर्ष हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हेही मुलीला आत्तापासून माहीत असू द्या. काढायचंच झालं तर वर्ष संपल्यावर टीसी घ्या, आणि आठवीच्या आत. सीबीएसईची नोंदणी नववीला होते, आणि थेट दहावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी काढावी लागते.